नोकरीची मुलाखत व तिची तयारी

गतवर्षीं शालान्त परीक्षेचा निकाल लागल्यानंतर जे पालक आम्हांस भेटून गेले, त्यांतील बहुतेकांनीं एकच प्रश्न निरनिराळ्या शब्दांनीं विचारला. "सर, मार्क तर पडले, पण उद्यां चार साहेबांपुढें बसून हा तोंड उघडील काय?" विचारणाऱ्यांत कोणी रिक्षा चालविणारे होते, कोणी बाजार-समितींत हमाली करणारे, तर कोणी इस्पितळांत आया म्हणून काम करणाऱ्या बाई. मुलाच्या गुणपत्रिकेचा अभिमान आणि त्याच्या मुकेपणाची धास्ती हीं दोन्ही त्यांच्या चेहऱ्यावर एकदम दिसत होतीं. त्या वेळीं व्हरांड्यांत उभ्या उभ्या आम्हीं जें तुटक उत्तर दिलें, तें या अंकाच्या निमित्तानें जरा सविस्तर लिहून काढावें असें योजिलें आहे.

प्रथम शब्दाकडे पाहूं. 'मुलाखत' हा शब्द अरबी भाषेंतून फारसीच्या द्वारें आपल्याकडे आला, व त्याचा मूळ अर्थ भेट एवढाच आहे. 'इंटरव्ह्यू' हा शब्द ज्या फ्रेंच शब्दापासून निघाला, त्याचाहि अर्थ एकमेकांस पाहणें असाच होतो. उलटतपासणी किंवा परीक्षा हा अर्थ दोहोंपैकीं एकाहि शब्दांत नाहीं. संघ लोकसेवा आयोग मोठ्या सनदी जागांसाठीं जी मुलाखत घेतो तिला तो व्यक्तिमत्त्व-चाचणी म्हणतो. ही कडक उलटतपासणी नव्हे, उमेदवाराचे मानसिक गुण दिसून यावे या हेतूनें चालविलेलें पण स्वाभाविक असें हें संभाषण आहे, असें आयोगानें आपल्या नियमपत्रांतच सांगून ठेविलें आहे. एकंदर २०२५ गुणांपैकीं २७५ गुण या संभाषणास असतात. शिवाय ज्यानें मुख्य परीक्षा मराठींतून दिली असेल त्याला मुलाखतहि मराठींतून देतां येते. आपलें इंग्रजी मोडकें आहे म्हणून जो मुलगा नववींतच हाय खाऊन बसला आहे, त्यानें एवढी गोष्ट लक्षांत ठेवावी. आमच्या शाळेंतील सर्वच मुलें जिल्हाधिकारी होतील असें मात्र आम्ही म्हणत नाहीं. तसें झालें तर या शाळेचीं बाकें कोण दुरुस्त करील?

मुलाखत म्हणजे पाठांतराची परीक्षा ही समजूत जुनी आहे, आणि तिच्यांत थोरामोठ्यांचेंहि मन गुंतलेलें आढळतें. सुप्रसिद्ध अमेरिकन संशोधक थॉमस एडिसन यांनीं आपल्या कारखान्यांत नोकरीसाठीं येणाऱ्या पदवीधरांकरितां दीडशेच्या आसपास प्रश्नांची एक यादी केली होती. ती १९२१ सालीं वृत्तपत्रांतून प्रसिद्ध झाली, तेव्हां अमेरिकेंत मोठा गवगवा झाला. कारण भूगोल, इतिहास, रसायन, व्यापार अशा सर्व विषयांचे सुटे सुटे प्रश्न तींत होते, आणि बहुतेक उमेदवार नापास होत. त्याच वर्षीं आल्बर्ट आइन्स्टाइन अमेरिकेच्या दौऱ्यावर असतांना बोस्टन शहरीं त्यांना या यादींतील एक प्रश्न विचारण्यांत आला: ध्वनीचा वेग किती? पुस्तकांत सहज सांपडणाऱ्या गोष्टी आपण डोक्यांत वाहून नेत नाहीं, अशा आशयाचें उत्तर त्यांनीं दिलें. (आमच्या विद्यार्थ्यांनीं हें उत्तर विज्ञानाच्या पेपरांत लिहूं नये. हवेंत ध्वनीचा वेग सेकंदास सुमारें ३४० मीटर असतो.) एडिसनच्या यादीपुढें आइन्स्टाइन टिकले नसते, तर दोष यादीचा कीं आइन्स्टाइनचा, हें वाचकांनींच ठरवावें.

मग समोरचे लोक पाहतात तरी काय? आमच्या एका जुन्या विद्यार्थ्यानें सांगितलेली हकीकत येथें देतों. हा मुलगा बोलतांना अडखळत असे. वर्गांत प्रकट वाचनाची पाळी आली कीं तो पोट दुखत असल्याची सबब सांगे, आणि आम्हीहि ती मुकाट्यानें मान्य करीत असूं. पुढें औद्योगिक प्रशिक्षण संस्थेंतून त्यानें फिटरचें काम शिकून घेतलें व एका कारखान्यांत शिकाऊ उमेदवाराच्या जागेसाठीं तो गेला. त्याच्या आधींचा उमेदवार चांगला चटपटीत होता. स्वतःविषयीं इंग्रजींत पाठ केलेलें भाषण त्यानें न थांबतां म्हणून दाखविलें. तें संपल्यावर फोरमननीं टेबलावर लोखंडाचा एक गोल तुकडा व एक व्हर्नियर ठेवला आणि व्यास सांगावयास सांगितलें. त्यानें व्हर्नियर लावला, आंकडा वाचला व तो सांगून मोकळा झाला.

आमचा विद्यार्थी आंत गेला तेव्हां भाषण म्हणण्याचा त्यानें यत्नच केला नाहीं. नांव सांगितलें, गांव सांगितलें, आणि तुकडा पुढें येतांच त्यानें पुसावयास फडकें मागितलें. जबडे पुसले, तुकडा पुसला, मग जबडे मिटून शून्यावर शून्य येतें काय तें उजेडाकडे धरून पाहिलें. तें येत नव्हतें. त्यानें तीन ठिकाणीं माप घेतलें व म्हणाला, "साहेब, हा व्हर्नियर शून्य चार शतांश मिलिमीटर जास्त दाखवितो, तेवढें वजा करून व्यास सांगूं काय?" हें एक वाक्य पुरें करावयास त्याला अर्धें मिनिट लागलें असावें; पण टेबलामागचे तिघेहि गृहस्थ तेवढा वेळ स्वस्थ बसून राहिले. बिघडलेला व्हर्नियर फोरमननीं मुद्दामच ठेवला होता. आज आमचा विद्यार्थी त्याच कारखान्यांत नव्या मुलांना काम शिकवितो, आणि अडखळतो तो आहेच.

या गोष्टीवरून वक्तृत्वाची किंमत नाहीं असा अर्थ कोणी काढूं नये. बोलतां आलेलें केव्हांहि चांगलें. परंतु ज्या कामासाठीं आपण जातों तें काम हातांत असलें म्हणजे जीभ थोडी मागें राहिली तरी चालतें. उलट प्रकार मात्र फार वेळ झांकून राहत नाहीं.

अलीकडे मोठ्या संस्थांतून मुलाखतीची एक विशिष्ट पद्धत रूढ होत आहे. प्रत्येक उमेदवारास तेच प्रश्न, त्याच क्रमानें विचारावयाचे आणि उत्तरांस आधीं ठरविलेल्या मापानें गुण द्यावयाचे. अमेरिकेंतील कांहीं मानसशास्त्रज्ञांनीं निवडीच्या निरनिराळ्या पद्धतींचा पुन्हां हिशेब करून २०२२ सालीं असें दाखविलें कीं, उमेदवार पुढें काम कसें करील याचा अंदाज सांगण्यांत अशी आंखीव मुलाखत सर्वांत पुढें आहे. पूर्ण मेळ म्हणजे १ असें धरलें तर तिचा मेळ ०.४२ भरला आणि सैल गप्पांच्या मुलाखतीचा ०.१९. म्हणजे सैल गप्पांत माणूस पारखला जातो असें ज्या साहेबांना वाटतें, त्यांचा अंदाज पुष्कळदां फसतो. आणि उत्तम पद्धतहि सर्वज्ञ नाहीं. नाकारलेल्या उमेदवारानें हा दुसरा भाग विसरूं नये.

या पद्धतींतील आवडता प्रश्न 'प्रसंग सांगा' हा होय. अडचण आली आणि तुम्हीं ती सोडविली असा एखादा प्रसंग सांगा; चूक झाली व ती तुम्हीं कबूल केली असा एखादा सांगा. येथें आमचीं मुलें गप्प बसतात. त्यांच्याजवळ प्रसंग नसतात असें मुळींच नाहीं. आपले प्रसंग सांगण्याच्या योग्यतेचे आहेत हेंच त्यांना ठाऊक नसतें.

दोन वर्षांपूर्वीं आमची एक विद्यार्थिनी परिचारिकेच्या शिक्षणासाठीं मुलाखतीस जाणार होती. सरावासाठीं आम्हीं तिला विचारलें, "तुला परिचारिका कां व्हावयाचें आहे?" ती म्हणाली, "मला सेवेची आवड आहे." हें उत्तर वाईट नव्हे, पण त्या दिवशीं बाहेर बसलेल्या प्रत्येक मुलीचें तेंच उत्तर असणार. आम्हीं सहज विचारलें, "घरीं कधीं कोणी आजारी होतें काय?" तेव्हां हळूहळू कळलें कीं, तिच्या आजीस पक्षाघात होऊन ती चौदा महिने अंथरुणाला खिळली होती. आई कामावर जात असे. पाठीला जखमा होऊं नयेत म्हणून दर दोन तासांनीं कूस बदलावी असें डॉक्टरांनीं सांगितलें होतें, आणि ही मुलगी कोणत्या वेळीं कोणत्या कुशीवर वळविलें हें दिनदर्शिकेच्या पाठीमागें लिहून ठेवीत असे. सकाळीं शाळेंत येण्यापूर्वीं तो कागद ती शेजारच्या बाईंच्या हातीं देई. चौदा महिन्यांत आजीच्या पाठीला एकहि जखम झाली नाहीं.

"मग हें तूं आधीं कां सांगितलें नाहींस?" असें आम्हीं विचारलें.

ती म्हणाली, "सर, तें घरचें काम आहे."

हें उत्तर ऐकून आम्हांस आमचीच लाज वाटली. पांच वर्षें ही मुलगी आमच्या डोळ्यांपुढें बसत होती. ती उशिरां आली म्हणून आम्हीं तिला दोनदां वर्गाबाहेर उभें केलें होतें, आणि ती कां उशिरां येते हें विचारलें नव्हतें. पालकांस आमची कळकळीची विनंती आहे कीं, मुलांनीं घरीं जें काम केलें तें त्यांच्या देखत काम म्हणून बोलून दाखवावें. बापाच्या हातगाडीवर दर आठवड्याचा उधारीचा हिशेब ठेवणारा मुलगा, धाकट्या भावंडांचा डबा भरून मग स्वतः शाळेस निघणारी मुलगी, पाण्याच्या टँकरपुढें गल्लीची रांग लावणारा मुलगा, यांनीं जें केलें त्याला कार्यालयांतून व्यवस्था, जबाबदारी अशीं भारदस्त नांवें आहेत. असे चार प्रसंग मुलांनीं वहींत लिहून काढावे: काय घडलें, आपण काय केलें, त्याचें काय झालें. पाठ मात्र करूं नयेत. स्वतःचा अनुभव सांगावयास पाठांतर लागत नाहीं, आणि दुसऱ्याचा उसना घेतला तर तो दुसऱ्याच प्रश्नाला उघडा पडतो.

याचा दाखला आमच्याजवळ आहे, आणि तो आम्हांस फारसा भूषणावह नाहीं. शिक्षकाच्या पहिल्या जागेसाठीं केलेल्या अर्जांत आम्हीं छंद म्हणून 'वाचन' लिहिलें होतें. अध्यक्षांनीं विचारलें, "सध्यां काय वाचतां?" आम्हीं एका जाड ग्रंथाचें नांव ठोकून दिलें. "शेवट कसा वाटला?" असें त्यांनीं अगदीं गोडपणें विचारलें. आम्ही शेवटापर्यंत पोंचलेलोंच नव्हतों, सुरुवातीलाहि नव्हतों. पुढील पांच मिनिटें आठवलीं कीं अजून कानशिलें तापतात. 'मला माहीत नाहीं' हें तीन शब्दांचें वाक्य मुलांनीं मोठ्यानें, न लाजतां म्हणण्याचा सराव करावा. तें म्हणून झाल्यावर 'पण शोधावयाचें झाल्यास अमुक ठिकाणीं पाहीन' असें म्हणतां आलें तर फारच चांगलें.

निवड न होणें याविषयीं एक ऐतिहासिक उदाहरण देतों. डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम हे मद्रासच्या तंत्रज्ञान संस्थेंतून विमानविद्या शिकून १९५८ सालीं दोन मुलाखतींस उत्तरेकडे गेले. पहिली दिल्लीस संरक्षण मंत्रालयाच्या एका तांत्रिक खात्यांत, व दुसरी देहरादूनला हवाई दलाच्या निवड मंडळापुढें. त्यांचें मन दुसरीवर होतें. लहानपणापासून विमान चालविण्याचें स्वप्न होतें. पंचवीस उमेदवारांतून आठ घ्यावयाचे होते. कलाम नववे आले. त्या निराशेंत ते हृषीकेशला गेले, तेथें स्वामी शिवानंदांची भेट झाली, आणि मग दिल्लीस परत येऊन त्यांनीं चौकशी केली तों पहिल्या मुलाखतीचें नियुक्तिपत्र तयार होतें. मूळ पगार दरमहा २५० रुपये. ही सर्व हकीकत त्यांनीं आपल्या आत्मचरित्रांत लिहिली आहे.

त्याच आत्मचरित्रांत पुढें १९६२ सालच्या मुंबईच्या मुलाखतीचेंहि वर्णन आहे. अंतराळ संशोधनाच्या समितीसाठीं रॉकेट-अभियंता हवा होता, आणि मुलाखत घेणारांत स्वतः डॉ. विक्रम साराभाई होते. त्यांचे प्रश्न उमेदवाराजवळ आज किती माहिती आहे हें मोजणारे नव्हते, तो पुढें काय होऊं शकेल याचा वेध घेणारे होते, असें कलामांना जाणवलें. दुसऱ्याच दिवशीं सायंकाळीं निवड झाल्याचें कळलें. देहरादूनचा नववा क्रमांक व मुंबईची ही निवड यांत चार वर्षांचें अंतर होतें. त्या चार वर्षांत कलाम काम करीत होते, रुसून घरीं बसले नव्हते.

आतां एका रुक्ष पण महत्त्वाच्या विषयाकडे वळतों. १ जानेवारी २०१६ पासून केंद्र सरकारनें गट 'क', गट 'ड' व गट 'ब' मधील अराजपत्रित पदांसाठीं मुलाखत घेणें बंद केलें. वशिल्यास वाव राहूं नये हा त्यांतील हेतु, व तो स्तुत्य आहे. यामुळें पुष्कळ पालकांची अशी समजूत झाली आहे कीं, लेखी परीक्षा पार पडली म्हणजे सर्व पार पडलें. तसें नाहीं. मुलाखत गेली तरी कागदपत्रांची तपासणी राहिली आहे, आणि ती संभाषणासारखी मऊ नसते.

२०११ सालीं आम्ही दहावीचे वर्गशिक्षक होतों. त्या वेळीं परीक्षेचे अर्ज हातानें भरले जात. एका मुलीच्या आडनांवाच्या इंग्रजी स्पेलिंगमध्यें एक अक्षर चुकलें. गुणपत्रिका तशीच छापून आली; ना आम्हीं पाहिली, ना तिनें, ना घरच्यांनीं. २०१८ सालीं ती मुलगी लिपिकाच्या जागेसाठीं लेखी परीक्षा उत्तम गुणांनीं उत्तीर्ण झाली. तपासणीच्या दिवशीं जन्मदाखल्यावर व आधारपत्रावर एक नांव आणि गुणपत्रिकेवर दुसरें! तिला थोड्या दिवसांची मुदत मिळाली. दुरुस्तीचा अर्ज शाळेमार्फत परीक्षा-मंडळाकडे जावयाचा, त्याला त्याहून अधिक दिवस लागले, आणि जागा यादींतील पुढच्या नांवाकडे गेली. ती शाळेंत आली तेव्हां आम्हीं विचारूं लागलों कीं, हें झालें कसें. ती म्हणाली, "सर, चूक कोणाची तें शोधायला मी आलें नाहीं. मला जनरल रजिस्टरचा उतारा पाहिजे." कपाटांतून जुन्या अर्जाची कार्यालयीन प्रत काढली. तीवर आमचेंच अक्षर होतें. तें आम्हीं तिला दाखविलें. पुढें दोन वर्षांनीं तिला दुसरी नोकरी मिळाली. परंतु तीं दोन वर्षें तिनें एका दुकानांत उभी राहून काढलीं, आणि तीं आमच्या खातीं जमा आहेत.

इतर सूचना थोडक्यांत. मुलाखतीची जागा आदल्या दिवशीं पाहून यावी, एस. टी. ची वेळ व चालण्याचें अंतर हें दोन्ही कळतें. कपडे नवे नसले तरी चालतील, धुतलेले व इस्त्रीचे असावेत. त्या दिवसासाठीं उसने आणलेले जोडे चावतात आणि सारें लक्ष पायांकडे जातें. भ्रमणध्वनि बंद करून आंत जावें. पडद्यावरून मुलाखत असेल तर उजेड तोंडावर येईल असें बसावें व शेजारच्या घरीं मिक्सर कधीं चालतो याची आधीं चौकशी करावी. प्रश्न नीट ऐकूं आला नाहीं तर पुन्हां विचारण्यास मागण्यांत उद्धटपणा नाहीं. ज्या संस्थेंत जातों ती काय करते, कधीं स्थापन झाली, तेथें कोणत्या पाळ्या असतात, हें तेथेंच काम करणाऱ्या एखाद्या माणसास चहा पाजून विचारावें. शेवटीं 'तुम्हांला कांहीं विचारावयाचें आहे काय' असें म्हणतात, तेव्हां काम शिकविणार कोण हें विचारावें. पगारहि विचारावा, त्यांत लाजण्यासारखें कांहीं नाहीं. आणि मुलाखतीपूर्वीं वा नंतर जो कोणी अनामत, गणवेश किंवा प्रशिक्षण यांच्या नांवाखालीं पैसे मागेल, त्याच्या दारांतून तसेंच परत यावें. या गांवांतील तीन कुटुंबांनीं अशा रीतीनें दागिने मोडल्याचें आम्हांस ठाऊक आहे.

येत्या सत्रापासून दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारीं शाळा सुटल्यावर प्रयोगशाळेंत नववी व दहावीच्या मुलांच्या सरावाच्या मुलाखती आम्ही घेणार आहों. टेबलाच्या पलीकडे बसावयास आम्हांला पालक हवे आहेत. गेल्या खेपेस भाजीचा धंदा करणाऱ्या एका बाईंनीं "गिऱ्हाईक खोटें बोलतंय असं कळलं तर काय करशील?" असा प्रश्न विचारला. त्यावर तीन मुलें निरुत्तर झालीं, आणि आमच्या यादींतील एकहि प्रश्न त्याच्या तोडीचा नव्हता. येतांना प्रत्येकानें जन्मदाखला, आधारपत्र व मागील इयत्तेची गुणपत्रिका आणावी. पहिला प्रश्न विचारण्यापूर्वीं तिन्ही कागदांवरील नांव अक्षर अक्षर लावून पाहण्यांत येईल.